सासूबाईंचं डावं कोपर

आमच्या सासूबाईंनी माझ्या लग्नाच्या मांडवातच जाहीर करून टाकलं होतं की, सून घरात आली की त्या चुलीकडे पाठ फिरवणार. ऐकणाऱ्या बायका हसल्या. असं प्रत्येक सासू म्हणते आणि आठव्या दिवशी सुनेच्या हातातली पळी ओढून घेते, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या सासूबाईंनी मात्र शब्द खरा केला. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चूल, जातं, विहीर आणि गोठा असं सगळं राज्य माझ्या हवाली केलं आणि स्वतः बसल्या.

तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आमचा सगळा मुलूख त्या काळी भंडारा जिल्ह्यात मोडायचा, गोंदियाचा वेगळा जिल्हा ही फार पुढची गोष्ट. सासर दवनीवाड्याच्या अंगाला, चहूकडून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. माहेर देवरीच्या पलीकडं, जंगलाला लागून. त्यामुळे सासरी माझं नाव पडलं ‘जंगलातली’. या जंगलातलीला काय येतं आणि काय येत नाही, हे बघायला गल्लीतल्या बायका विस्तव मागायच्या निमित्तानं डोकावून जायच्या. एकेकीच्या घरात चूल धडधडत असायची, तरी विस्तव मागायला आमच्याकडं. मला भयंकर राग यायचा. पण नव्या सुनेला राग आलेला चालत नसे, म्हणून मी तो भांड्यांवर काढायची. त्या वर्षी आमच्या घरची भांडी जितकी लखलखीत होती तितकी पुन्हा कधी झाली नाहीत.

घराच्या पुढच्या बाजूला छपरी होती. छपरीच्या कडेला, माणूस बसलं की त्याच्या छातीशी येईल अशी मातीची भिंत होती आणि भिंतीवर सागाची जाड फळी. सासूबाईंनी त्या भिंतीला लागून आपली माची, म्हणजे बसायची बुटकी बाज, टाकली. तिथून डावीकडं विहीर दिसायची, उजवीकडं स्वयंपाकघराचं दार आणि समोर सगळी गल्ली. डावं कोपर फळीवर रोवायचं, गाल तळहातावर टेकवायचा आणि उजवा हात हुकूम सोडायला मोकळा ठेवायचा. सकाळी मी सडा घालत असायची तेव्हा त्या बसलेल्या, दुपारी मी धान कांडत असायची तेव्हा बसलेल्या, आणि संध्याकाळी गुरं घरी यायची तेव्हाही तशाच.

“थे बादली भरून आन.”

“चुलीतलं लाकूड बाहीर आलं, आत सार.”

“पदर सांभार वो, मामंजी येऊन रायले.”

मला वाटायचं, या बाईला पाठीमागेही डोळे आहेत. तरी खरं सांगायचं तर मला त्यांचं बसणं बोचत नव्हतं. त्या नऊ वर्षांच्या असताना या घरात आल्या होत्या. त्यांच्या सासूनं त्यांना कधी बूड टेकू दिलं नाही, हे गावातल्या म्हाताऱ्या मला सांगायच्या. तीस-पस्तीस वर्षं उभ्यानं काढलेली बाई पहिल्यांदा बसली होती. ती माची त्यांनी कमावली होती. मला फक्त एवढंच वाटायचं की, बसा, पण थोडं तोंड मिटून बसा.

धानाची रोवणी उरकली, पोळा झाला, आणि एके दिवशी सासूबाईंच्या डाव्या हातातून पितळेचा लोटा सुटला. पाणी अंगणभर झालं. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, जशी काही मीच दुरून धक्का दिला. मग हाताकडं पाहिलं.

“करंगळीत मुंग्या येऊन रायल्या,” त्या म्हणाल्या. “तिच्या बाजूच्या बोटातबी. मनगटापासून वर कोपरापर्यंत नुसती कळ.”

मग काय, सगळ्या गावानं तो हात दत्तक घेतला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले की पाटल्या घट्ट झाल्या असतील. साबणाचा फेस करून पाटल्या काढल्या. मनगट मोकळं झालं, मुंग्या तिथंच. शेजारची म्हणाली, रोवणीच्या दिवसांत बांधावर ओल्यात उभ्या राहिलात, वात भरला. गावातली सुईण आली. ती म्हणाली, नस चढली आहे, उतरवावी लागेल. तिनं टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, कोमट करून असं काही रगडलं की सासूबाईंनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नस काही उतरली नाही. आणि आमच्या आत्तेसासूबाई, म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण, ज्या त्याच गावात दिलेल्या होत्या आणि दिवसातून दोनदा आमच्याकडं हजेरी लावायच्या, त्या म्हणाल्या की हे हातावरच्या गोंदणाचं दुखणं आहे. ते गोंदण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं. इतकी वर्षं गप्प बसून ते आत्ताच का उठलं, हे विचारायची माझी जीभ वळवळत होती. मी भांडी घासायला गेले.

पितृपंधरवड्यात शेवटी तिरोड्याच्या दवाखान्यात जायचं ठरलं. बंडी जुंपली. बैल हाकायला आमचे हे, सासूबाई मधे आणि त्यांना धरायला मी. दवाखान्यात पोचल्यावर हे बैलांपाशी थांबले, आणि डॉक्टरांच्या खोलीत आम्ही दोघीच गेलो. पुढं जे रामायण घडलं ते सगळं या एका गोष्टीमुळं, की आत काय बोलणं झालं ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टर तरुण होते, नागपूरकडचे. बोलणं अगदी छापील पुस्तकातलं. त्यांनी सासूबाईंची मान फिरवून पाहिली, मनगट दाबून पाहिलं, बोटं एकेक करून टोचून पाहिली. मग कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत, बोटानं टकटक केलं. सासूबाई विंचू डसल्यासारख्या उडाल्या. कळ थेट करंगळीच्या टोकाला गेली म्हणे.

“हे बघा बाई,” डॉक्टर म्हणाले, “बोटाला जाणारी नस मानेतून निघते. खांद्याखालून, कोपरामागून, मनगटातून ती बोटात पोचते. वाटेत कुठेही दबली तरी ओरडतं ते बोट. तेव्हा ती कुठे दबते हे आपल्याला शोधायचं आहे.”

मला ते चटकन समजलं. धानाच्या पाण्याचं तेच असतं. शेवटच्या बांधीत पाणी पोचलं नाही तर शेवटच्या बांधीत उभं राहून काही कळत नाही, पाटाच्या काठानं वर चालत जावं लागतं. वर कुणीतरी दगड टाकून ठेवलेला असतो.

डॉक्टर वर चालत निघाले. मान दुखते का? नाही. कधी पडलात का, हात मोडला होता का? नाही. लघवीला वारंवार जावं लागतं का, तहान फार लागते का? या प्रश्नाला सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि मान हलवली, नाही. हात डोक्याखाली घेऊन झोपता का? नाही.

“बरं, कोपर कशावर तरी टेकवून तासन्‌तास बसता का?”

मी सासूबाईंच्या मागं उभी होते. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. त्या पदराआड माझे डोळे मोठे झाले.

सासूबाई ताठ बसल्या. “बसायले टाइम कोनाले हाये, डाक्टरसाहेब?” त्या म्हणाल्या. “दळन हाये, कांडन हाये, विहिरीचं पानी हाये, गोठा हाये. एवढं मोठं घर. सकाळपासून एक पाय इथं न एक पाय तिथं.”

मी पदर आणखी खाली ओढला. गावात मिरवायचं की मी चुलीकडं पाठ केली, आणि परक्या शिकलेल्या पुरुषापुढं बसून खाणारी म्हणवून घ्यायची लाज वाटायची, असं ते होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही खोटं बोलले असते, हे आज कळतं. तेव्हा मात्र मला हसू आणि संताप दोन्ही एकदम येत होते.

डॉक्टरांना काय, त्यांनी ऐकलं ते खरं धरलं. एवढी कामं, कोपर दिवसभर वाकतं, ताणतं, म्हणून नस सुजली, असा त्यांनी निदानाचा शेवट केला. गोळ्या दिल्या, चोळायला औषध दिलं आणि म्हणाले, “महिनाभर या हाताला पूर्ण विश्रांती. काम एकदम बंद. नुसतं बसून राहायचं.”

सासूबाई बाहेर आल्या त्या कोर्टातून निकाल जिंकून आल्यासारख्या. बंडीत चढता चढता यांना म्हणाल्या, “डाक्टर म्हने, बसून राहा. आता सरकारी हुकूमच हाये.”

दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटेच माचीवर. डावं कोपर फळीवर. आधी निदान न्हायला-जेवायला उठायच्या, मधूनच गोठ्यात डोकावायच्या. आता तेही बंद. डॉक्टरांचा हुकूम पाळायला त्यांनी जे जे म्हणून करता येईल ते केलं, आणि आठ दिवसांत करंगळी अशी बधिर झाली की चटका बसला तरी कळेना. बाजूचं बोट वाकेना. एकदा मी ताट पुढं केलं तर त्या हाताकडं बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. “लुळा होते काय हा हात?” त्या हळूच म्हणाल्या, मला नाही, ताटाला.

मला त्यांची फार दया आली. आणि सांगावं कसं, हेच कळेना. त्या काळी पहिल्या वर्षाची सून सासूशी ‘हो बाई’ आणि ‘नाही बाई’ यापलीकडं बोलत नसे. त्यात मी सांगायचं काय, की तुम्ही डॉक्टरांपुढं खोटं बोललात आणि तुमचं दुखणं तुमच्या बसण्यात आहे? आयुष्यात पहिल्यांदा बसलेल्या बाईला? मी यांना सांगून पाहिलं. हे आधी खो खो हसले, मग गंभीर झाले.

“मी मायले कसा सांगू का तू बसून रायते म्हनून दुखते?” हे म्हणाले. “माया जीव मले प्यारा हाये.”

असा शूर नवरा मला मिळाला होता.

तेवढ्यात आत्तेसासूबाईंनी हिशेब मांडला. एके सकाळी त्या छपरीत बसल्या, मामंजीही तिथंच होते, आणि मी आत तांदूळ निवडत होते. मला ऐकू जावं एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, “पंचवीस-तीस वर्ष हिचा हात दुखला नाही. सून आली न दुखू लागला. पायगुन म्हंतात तो आनखी काय असते?”

मामंजी सुपारी कातरत राहिले.

“मी काही तिले वाईट म्हनत नाही,” आत्तेसासूबाई पुढं म्हणाल्या. “पर पाहून तर घ्या. दिवाळीले तिचा भाऊ येइल. जाऊ द्या माहेरी, न राहू द्या तिथंच दोन-तीन महिने. हात बरा झाला तर समजून जा.”

मामंजी म्हणाले, “पाहून घेऊ.”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. दिवाळीला माहेरी जायचे दिवस मी बोटांवर मोजत होते. प्रत्येक सून मोजते. पण तांदळातले खडे शोधता शोधता मला पुढचं सगळं दिसलं. मी माहेरी गेले की घरातलं काम कोण करणार? सासूबाई. काम करायचं तर माचीवरून उठावं लागणार. माचीवरून उठलं की कोपर फळीवरून निघणार. कोपर निघालं की हात बरा होणार. आणि हात बरा झाला की सगळं गाव म्हणणार, बघा, ती गेली आणि बरा झाला. मी तिकडं माहेरी लाडू खात बसेन आणि इकडं माझ्या कपाळावर पांढऱ्या पायाची म्हणून शिक्का बसेल. मग परत न्यायला कुणी यायचं नाही. माझ्या माहेरच्या शेजारची एक अशीच माहेरी राहून गेली होती, तिचे केस तिथंच पांढरे झाले.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे आत्तेसासूबाईंचं गणित बरोबर होतं. मी आले म्हणूनच तो हात दुखू लागला होता. फक्त त्यांना पायगुण दिसत होता आणि मला फळी दिसत होती.

दिवाळीला अठरा-एकोणीस दिवस होते. तेवढ्यात मला सासूबाईंचं कोपर त्या फळीवरून काढायचं होतं, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत, मी घरात असताना. हात बरा व्हायला हवा होता तो मी तिथं असताना.

पहिल्यांदा मी फळीवर जुन्या लुगड्याची जाड घडी ठेवली, कोपराखाली मऊ काही असावं म्हणून. सासूबाई आल्या, घडी उचलली आणि माचीवर टाकून तिच्यावर बसल्या. म्हणाल्या, “बरं केलं, माची टोचत होती.” दुसऱ्या दिवशी मी फळीवर लोणच्याची बरणी उन्हाला ठेवली. त्यांनी ती उजव्या हातानं सरकवली. मग मी फळीभर लाल मिरच्या वाळत घातल्या. यावर मी फार खूश होते. त्यांनी मिरच्या हातानंच एका बाजूला सारल्या, कोपर टेकवलं आणि थोड्या वेळानं त्याच हातानं डोळा चोळला. पुढचा तासभर घरात जे ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही. माझ्या आईपासून सुरुवात झाली आणि देवरीच्या जंगलातल्या अस्वलांपर्यंत ते पोचलं.

मग एका सकाळी सारवणाला हात घालताना मला वाट सापडली. दिवाळीसाठी भिंती सारवून त्यांच्यावर छुई, म्हणजे पांढरी माती, फिरवायची होती. आणि सासूबाईंचा जीव कशात असेल तर तो भिंतीत. त्यांच्या हातची भिंत गावात नावाजलेली होती. गुळगुळीत, एक बोट उमटलेलं नाही, खाली गेरूची पट्टी दोरी लावल्यासारखी सरळ. त्या सगळं सहन करतील, पण वाकडी भिंत सहन करणार नाहीत, हे मला कळलं होतं.

पांढऱ्या पायाची म्हणवून घ्यायचं की गबाळी, एवढंच माझ्या हातात होतं. मी गबाळी व्हायचं ठरवलं.

त्या दिवशी मी जी भिंत सारवली तशी भिंत कुणाच्या वैऱ्याच्या घरीही नसावी. माती इथं गोळ्यानं, तिथं पापुद्र्यानं. हात मुद्दाम आडवा-उभा फिरवला. गेरूची पट्टी दारापाशी सुरू झाली ती चुलीपर्यंत जाता जाता वीतभर वर चढली. माझ्या हाताला ते करवत नव्हतं. बोटं आपोआप सरळ जायला बघायची आणि मला त्यांना वाकडं वळवावं लागायचं. सासूबाई माचीवरून ओरडत होत्या, “असा नाही वो. खालून वर. पानी कमी. अवो पानी कमी.” मी आणखी पाणी घातलं.

शेवटी त्यांना राहवलं नाही. त्या उठल्या, पदर खोचला, माझ्या हातातलं पोतेरं घेतलं आणि म्हणाल्या, “सरक. तुया मायनं तुले काय शिकवलं?”

मी सरकले. माझ्या आईचं नाव निघालं ते काळजात घुसलं. माझी आई ज्या हातानं भिंत सारवायची तो हात मला माहीत होता. पण फळीवर कोपर नव्हतं, आणि दुपारपर्यंत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अंगण बिघडवलं. तिसऱ्या दिवशी तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे घावन, टाकताना एकही तव्यावरून अख्खा निघू दिला नाही. सासूबाईंनी चूल हातात घेतली आणि जाळीदार, पातळ आयते भराभर काढून दाखवले. रोज सकाळी उठल्यावर मी आज काय बिघडवायचं याचा विचार करायची आणि रोज त्या उठायच्या. डाव्या हातानं त्या काही जड उचलत नव्हत्या, नुसतं धरायच्या, आधार द्यायच्या. पण बसायला त्यांना उसंत मिळेना. माझ्यावर करवादत, हातवारे करत, मला ढकलत त्या घरभर फिरत होत्या. आणि मधूनच, कुठं काही जमलं की, आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगायच्या. नऊ वर्षांच्या असताना त्यांचा हात जात्याच्या खुंट्याला पुरत नसे म्हणून त्या पाटावर उभ्या राहून दळायच्या. हे सांगताना त्या हसायच्या. मी सासरी आल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदाच एका चुलीपाशी बसलो होतो, आणि मला ते फार आवडायला लागलं होतं. कधी कधी मी बिघडवायचं विसरायची. मग आठवण झाली की पटकन मीठ जास्त घालायची.

गावात मात्र माझी छी थू झाली. आत्तेसासूबाईंनी घरोघर सांगितलं की जंगलातलीला काडीचं काही येत नाही. विस्तव मागायला येणाऱ्या बायका आता उघड हसायच्या. एकदा विहिरीवर एकीनं विचारलं, “तुया माहेरी भिंती हायेत का झाडावर रायता?” मी घागर घेऊन घरी आले, गोठ्यात जाऊन गाईच्या मानेला धरून रडले आणि तोंड धुऊन खीर करपवायला गेले.

दिवाळी चार-पाच दिवसांवर आली असेल. सकाळी सासूबाईंनी तुळशीला पाणी घालायला लोटा उचलला. डाव्या हातानं. भरलेला लोटा, आणि तो कुठं हलला नाही की सांडला नाही. त्यांना स्वतःला ते कळलंसुद्धा नाही. मी सड्याची बादली घेऊन तिथंच उभी होते. मला नाचावंसं वाटत होतं, पण मी खाली मान घालून सडा टाकत राहिले.

भाऊबीजेला माझा भाऊ आला. जेवणं झाली. छपरीत पुरुष बसले होते, आत्तेसासूबाईही येऊन बसल्या होत्या, आणि आम्ही दोघी दाराशी उभ्या होतो. आत्तेसासूबाई माझ्या भावाला म्हणाल्या, “आता राहू द्या तिले दोन-तीन महिने. सासूच्या हाताचं पाहून मंग सांगू.”

मामंजींनी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाई दारातून पुढं झाल्या, डावा हात आत्तेसासूबाईंपुढं धरला आणि बोटं उघडमीट करून दाखवली. पाचही बोटं मिटली.

“हात सुधरून रायला,” त्या म्हणाल्या. “सून घरातच हाये तरी सुधरून रायला. न दोन-तीन महिने कायचे? धान कापाले आलं. चार दिस जाऊन येऊ दे तिले.”

आत्तेसासूबाईंनी तोंड वाकडं केलं. “तिले येते तरी काय?”

“म्हनूनच तं लवकर पाहिजे,” सासूबाई म्हणाल्या. “शिकवाचं बाकी हाये.”

छपरीत सगळे हसले. माझा भाऊ बिचारा गोंधळून माझ्याकडं बघत होता. आमच्या घरच्या सगळ्या भिंती सारवायचं काम माझ्याकडंच असायचं, हे त्याला माहीत होतं.

निघायच्या वेळी सासूबाईंनी मला आत बोलावलं, ओटी भरायला. गोंदियापर्यंत बंडी आणि पुढं देवरीची मोटार, म्हणून घाई होती. त्यांनी तांदूळ माझ्या पदरात घातले, नारळ ठेवला. मग दाराकडं बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सोयरीक पाहाले मी तुया घरी आली होती, तवा तिथली भिंत पायली. मी विचारलं, कोनं सारवली. तुई माय म्हने, पोरीनं.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. माझी वाकडी पट्टी, फुटलेले आयते, करपलेली खीर, सगळं. त्यांनी फळीचं काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. त्या माझा पदर नीट करत राहिल्या, जसं काही तांदूळ सांडतील याचीच त्यांना काळजी होती.

“अजून थोडंसं बधिर हाये,” करंगळी हलवून बघत त्या म्हणाल्या. “हे पुरं बरं व्हाच्या आंधी वापस येजो. नाहीतं तुई आत्तेसासू म्हनल, तू गेली न बरं झालं.”

मी तिसऱ्याच दिवशी परत आले. आधी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. करंगळीत थोड्या मुंग्या होत्या अजून.